बाया स्प्रिएचा स्टिबनाईट: सफाई, जोडणी आणि पावसाळ्याची तयारी (प्रकल्प नोंदी)

काम: रोमानियातल्या बाया स्प्रिए खाणीचे पाच जुने स्टिबनाईट (अँटिमनी आणि गंधकाचे राखाडी, सुईसारखे खनिज) नमुने साफ करणे, एकाची निखळलेली सुई परत बसवणे आणि सगळे पुण्याच्या हवेत टिकतील असे ठेवणे. नमुने जळगावकडचे अपोफिलाईट आणि स्टिलबाईट देऊन बदल्यात आले आहेत. आपल्याकडे बहुतेक संग्राहकांचा हात स्टिलबाईटसारख्या झिओलाईट खनिजांवर बसलेला असतो. वॉटर गन, सोड्याचे पाणी, पातळ आम्ल, मग उन्हात वाळवण हा ठरलेला क्रम. स्टिबनाईटला यातली एकही गोष्ट चालत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला काय बिघडते ते आधी लिहिले आहे.

३ फेब्रुवारी: उघडणी आणि लेबले

पार्सल ट्रेमध्ये, पांढऱ्या कागदावर उघडले. तळाशी पडलेला चुरा फेकला नाही. तो नमुन्यागणिक वेगळ्या झिपलॉक पिशवीत भरला, कारण पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच्यावरच करायच्या आहेत. चुरा नसेल तर मॅट्रिक्सच्या (स्फटिक ज्यावर बसले आहेत तो खडक) मागच्या बाजूची एखादी मोडकी काडी वापरावी. समोरच्या स्फटिकावर चाचणी करू नये.

क्र. १ आणि क्र. ४ सोबत जुनी लेबले आहेत. दोन्हींवर ‘फेल्शोबान्या, हंगेरी’. फेल्शोबान्या हे बाया स्प्रिएचेच हंगेरियन नाव. १९२० च्या त्रियानों करारापर्यंत हा भाग हंगेरीच्या राज्यात होता, म्हणून असे लेबल दिसले की विकणारे ‘१९२० पूर्वीचा नमुना’ म्हणून किंमत चढवतात. तेवढ्याने ते सिद्ध होत नाही. १९४० ते १९४४ या काळात उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया पुन्हा हंगेरीकडे होता, आणि संग्राहक तर नंतरही कित्येक वर्षे जुनीच नावे लिहीत राहिले. लेबलावरून ठिकाण घ्यावे, काळ घेऊ नये. दोन्ही लेबले आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवली. नवे लेबल वेगळे केले आणि त्यावर दोन्ही नावे लिहिली.

६ फेब्रुवारी: हा स्टिबनाईटच आहे ना?

बाया स्प्रिए ही मुळात शिसे, जस्त, तांबे, सोने, चांदीची खाण. राखाडी, चकचकीत आणि काडीसारखे दिसले म्हणजे स्टिबनाईटच असे इथे धरता येत नाही. जेमसोनाईट आणि सेमसेआईटही याच भागात सापडतात, आणि ढेकळात गॅलेना हे शिशाचे खनिजही असते.

काठिण्य: नख घासले की ओरखडा उठतो, म्हणजे २ च्या आसपास. गॅलेना २.५ चा, त्यामुळे एवढ्याने निकाल लागत नाही.

विशिष्ट गुरुत्व: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, पाण्याचा पेला, पाण्यात साबणाचा एक थेंब (बुडबुडे चिकटू नयेत म्हणून) आणि शिवणाचा दोरा. काट्यावर पेला ठेवून शून्य करायचा, तुकडा दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडायचा. काटा दाखवेल तेवढे विस्थापित पाण्याचे वजन. क्र. २ च्या चुऱ्यातली एक जाड काडी: हवेत ६.४८ ग्रॅम, पाण्याचा आकडा १.४० ग्रॅम, भागाकार ४.६३. स्टिबनाईटला चपखल बसतो. गॅलेना ७.५ च्या आसपास भरला असता.

या चाचणीत एक खड्डा आहे. बाया स्प्रिएच्या स्टिबनाईटवर बराइटाचे पातळ चौकोनी पत्रे बसलेले असतात, तीच या खाणीची ओळख. बराइटाचे गुरुत्व ४.५. दोन्ही खनिजांचे वजन इतके जवळ की मिश्र तुकडा मोजून काहीच कळत नाही. काडी एकट्या स्टिबनाईटची हवी.

कॉस्टिक पोटॅश: घट्ट द्रावणाचा एक थेंब काडीच्या ताज्या भंगावर टाकला. थोड्या वेळात थेंबाखालची जागा पिवळी पडली, वाळल्यावर नारिंगी डाग राहिला. गॅलेनावर असे होत नाही. ही खूण मिळाली की मेणबत्तीच्या ज्योतीत काडी वितळवून बघायची गरज उरत नाही. स्टिबनाईट साध्या ज्योतीत वितळतो हे खरे, पण तेव्हा अँटिमनी ऑक्साईडचा धूर सुटतो आणि तो घरात नको. डागाळलेली काडी चुऱ्यात परत टाकली नाही, वेगळी ठेवली.

११ फेब्रुवारी: नेहमीच्या पद्धती, चुऱ्यावर

अल्ट्रासॉनिक: अर्ध्या मिनिटात काडी लांबीच्या दिशेने दुभंगली. स्टिबनाईटचा क्लीव्हेज, म्हणजे सपाट पातळीवर फुटण्याचा गुण, एकाच दिशेने, पण अगदी परिपूर्ण. कंपन त्याच पातळीवर काम करते. यंत्र बाजूला ठेवले.

वॉटर गन: कपड्यावरचे डाग काढायची जी गन झिओलाईटच्या चिखलावर वापरतात तीच. लांबून आणि कमी दाबाने मारली तरी बारीक सुया वाकल्या. स्टिबनाईटची सुई वाकते आणि वाकलेलीच राहते. परत सरळ करायला गेले की मोडते.

धुण्याचा सोडा: कोमट पाण्यात चमचाभर सोडा टाकून चुरा रात्रभर ठेवला. चमक गेली, आणि भांड्याच्या तळाशी तपकिरी-लाल गाळ बसला. ही प्रक्रिया जुनीच आहे: युरोपात स्टिबनाईट अल्कलीच्या पाण्यात उकळून, ते थंड होताना खाली बसणारी तांबडी पूड औषध म्हणून विकली जात असे. आपल्याला औषध करायचे नाही, म्हणून सोडा, कॉस्टिक आणि नळ मोकळे करायची पावडर यातले काहीही स्टिबनाईटला लावायचे नाही. भांडी घासायचा साधा द्रव साबण चालतो.

हायड्रोक्लोरिक आम्ल: चाचणी केलीच नाही, आणि कोणी करू नये. कॅल्साईट काढायचा मोह इथेच होतो. घट्ट आम्लात स्टिबनाईट विरघळतो आणि हायड्रोजन सल्फाईड सुटतो, तो विषारी आहे. नंतर पाणी ओतले की अँटिमनीचा पांढरा साका सगळ्या नमुन्यावर बसतो. त्यात भांडे लोखंडाचे, जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर स्टिबाईन हा त्याहून घातक वायू तयार होऊ शकतो. नमुन्यावरचा कॅल्साईट तसाच राहू द्यावा. बाया स्प्रिएच्या नमुन्यावर कॅल्साईट असणे हा दोष नाही.

१८ फेब्रुवारी: जुने जोड शोधणे

पाण्यात घालण्याआधी अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चने सगळे नमुने पाहिले. स्टिबनाईट काळाच राहतो, पण डिंक उजळतो. क्र. ४ च्या तीन सुयांच्या बुडाशी निळसर-पांढऱ्या रेषा दिसल्या. कॅल्साईटही उजळू शकतो, म्हणून रंगापेक्षा आकार बघायचा: रेष सुईभोवती गोल फिरते का, की खड्ड्यात पसरलेली आहे? गोल फिरणारी रेष म्हणजे जोड.

मग कापसाच्या बोळ्यावर कोमट पाणी घेऊन एका रेषेला टेकवले. मिनिटभरात चिकट झाले, म्हणजे जुना प्राणिज सरस. हा नमुना पाण्यात बुडवला असता तर तिन्ही सुया सुटल्या असत्या. क्र. ४ साठी पाणी रद्द, फक्त ब्लोअर आणि ब्रश.

क्र. ५ ची चमक जरा जास्तच एकसारखी वाटत होती. मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर बोळ्यावर पिवळट डाग आला. कोणीतरी लाखेचा किंवा वॉर्निशचा हात मारलेला आहे. तो काढता येतो, पण अ‍ॅसिटोनने आतले काही जोडही सुटू शकतात. यूव्हीखाली त्यात जोड दिसला नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने काढला. खालची खरी चमक थोडी कमी, पण स्वच्छ आहे.

२५ फेब्रुवारी: धुणे

फक्त क्र. १, २, ३ आणि ५.

१. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर. कॉम्प्रेसर नाही, तोंडाने फुंकायचेही नाही, थुंकीचे बारीक थेंब उडतात.

२. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट, १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १० ग्रॅम. मातीचे कण यात एकमेकांपासून सुटतात. नमुना प्लास्टिकच्या जाळीवर ठेवून द्रावणात बुडवला, दोन तासांनी द्रावण बदलले. क्र. ३ च्या खाचेतला चिखल असे तीनदा बदलल्यावर स्वतःहून खाली आला. काडीने टोकरायला गेलो असतो तर सुया गेल्या असत्या.

३. शून्य नंबरचा मऊ सेबल ब्रश. ब्रश सुईच्या बुडापासून टोकाकडे, लांबीच्या रेषांना समांतर. आडवा फिरवला की कठीण धूळकण घासले जातात आणि चमकत्या बाजूवर बारीक ओरखडे उमटतात. ते पुन्हा जात नाहीत. दर दोन फटकाऱ्यांनी ब्रश धुवायचा.

४. डिस्टिल्ड पाण्याने दोनदा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा. वाळवण पंख्याखाली, सावलीत. ऊन नाही, हेअर ड्रायर तर नाहीच.

नायट्राइल हातमोजे आणि एन-९५ मास्क शेवटपर्यंत. अँटिमनी विषारी आहे, गॅलेना असेल तर शिसेही येते, आणि बाया स्प्रिएच्या काही नमुन्यांवर रिअलगर म्हणजे आर्सेनिकचे खनिज असते. धुण्याचे पाणी बेसिनमध्ये किंवा कुंडीत ओतले नाही. बादलीत दोन दिवस ठेवून गाळ बसू दिला, वरचे पाणी कॉफी फिल्टरमधून गाळले आणि गाळ फिल्टरसकट झाकणबंद डब्यात ठेवला. डब्यावर नाव आणि ‘विषारी’ लिहिले. स्वयंपाकघरातले एकही भांडे वापरलेले नाही.

९ मार्च: पिवळे काय आहे?

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि गेला ते बरे झाले. क्र. ३ च्या सुयांच्या मधल्या बेचक्यांत फिकट पिवळा थर आहे. झिओलाईटचा हात म्हणतो, हा मळ, घास. दहापट भिंगाखाली बघितले तर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या: एक मातीसारखी पूड, आणि एका जागी केसासारखे, एका बिंदूतून फुटलेले फिकट पिवळे झुबके.

पूड बहुधा अँटिमनीचे ऑक्साईड, स्टिबनाईट हवेत आणि पाण्यात हळूहळू बदलल्यावर होते ती. झुबक्यांची गोष्ट निराळी असू शकते. क्लेबेल्सबर्गाईट हे अँटिमनीचे सल्फेट जगात पहिल्यांदा याच खाणीतून, १९२९ मध्ये नोंदवले गेले, आणि ते असेच पिवळे, सुयांचे, स्टिबनाईटच्या स्फटिकांच्या मधल्या जागेत असते. ब्रशच्या एका फटकाऱ्यात हा पुरावा नाहीसा होतो. क्र. ३ वर त्या कोपऱ्यात यापुढे ब्रश बंद.

तपासणी: एका प्रयोगशाळेत तासाच्या भाड्याने. आधी ईडीएस (इलेक्ट्रॉनच्या किरणाने घटक ओळखणारी चाचणी) करून घेतले. अँटिमनी, गंधक, ऑक्सिजन. पैसे वाया, कारण खालच्या स्टिबनाईटमध्येही अँटिमनी आणि गंधक आहेच, आणि किरण इतक्या बारीक झुबक्यातून आरपार खाली जातो. हे तिन्ही घटक दिसले म्हणून सल्फेट सिद्ध होत नाही. हे आधी लक्षात घेऊन ईडीएस टाळावे.

मग रामन (लेझरच्या प्रकाशाने खनिज ओळखणारी चाचणी). यातही एक अडचण. हिरव्या लेझरची ताकद जास्त असली की स्टिबनाईट जागच्या जागी जळून ऑक्साईड होतो, आणि यंत्र प्रामाणिकपणे ऑक्साईड दाखवते. पहिले वाचन असेच आले, तेही स्वच्छ स्टिबनाईटच्या सुईवर. ताकद एक टक्क्यापर्यंत उतरवल्यावर २८० आणि ३१० सेमी⁻¹ च्या आसपासची स्टिबनाईटची शिखरे आली. मोजणीआधी एका माहीत असलेल्या स्टिबनाईटच्या काडीवर ताकद जुळवून घ्यावी, मगच अनोळखी भागाकडे वळावे. झुबक्यांवर इतक्या कमी ताकदीत संकेत फारच क्षीण आला. एक्स-रे विवर्तनासाठी झुबका काढावा लागेल, तो काढायचा नाही असे ठरले. लेबलावर: ‘पिवळे झुबके, ओळख बाकी’. अंदाज लेबलावर लिहिला की पुढच्या हातात तो निश्चित माहिती होऊन बसतो.

खर्च: प्रयोगशाळा रु. ३,०००. यातले अर्धे ईडीएसचे.

२३ मार्च: सुई बसवणे

क्र. १ ची ३५ मिमी लांबीची सुई बुडातून निखळलेली.

झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट वापरायचा नाही. त्याची वाफ शेजारच्या चकचकीत बाजूंवर पांढरी साय धरते, आणि जोड पुढे कधी सोडवायचा झाला तर त्रास होतो. इपॉक्सीही नाही, त्याच कारणाने. संग्रहालयांत वापरतात तो पॅरालॉईड बी-७२ घेतला: अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, अ‍ॅसिटोनने परत सुटतो. दाणे बाटलीत नुसते टाकले तर तळाशी गोळा होतो. मलमलच्या पुरचुंडीत बांधून अ‍ॅसिटोनमध्ये लोंबकळत ठेवले, सकाळी एकजीव द्रावण तयार. प्रमाण ५० टक्के.

आधार: वाळू वापरू नये, ती क्वार्ट्झची असते आणि स्टिबनाईटला ओरबाडते. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मोहरी भरून गादी केली, नमुना तिच्यात रुतवला. जोड सरळ उभा राहील असा नमुनाच कलवायचा, म्हणजे सुईचे वजन जोडावर दाबते, ओढत नाही. टूथपिकच्या टोकाने एकच थेंब. बाहेर आलेला डिंक ओला असताना पुसायचा नाही, पसरतो. दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिटोनच्या बारीक ब्रशने काढला.

१४ मे: जोड कलला

बाहेर ३९ अंश, बंद काचेच्या कपाटात त्याहून जास्त. क्र. १ ची सुई सरळ उभी होती, ती बाजूला झुकलेली दिसली. मोडली नाही, शेजारच्या बराइटाच्या पत्र्यावर टेकली. कारण सरळ आहे: बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडू लागतो. थंड देशांतल्या मार्गदर्शिकांत या गोष्टीची अडचण येत नाही. पुण्यात येते, आणि जळगाव-नागपूरला तर हमखास येईल.

उपाय: पॅरालॉईड बी-४४, तो ६० अंशांच्या आसपास मऊ होतो. थोडा ठिसूळ आहे, म्हणून धक्का लागणाऱ्या नमुन्याला नको, पण कपाटात उभ्या राहणाऱ्या सुईला ठीक. जुना जोड अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने सोडवला, दोन्ही बाजू साफ केल्या, बी-४४ ने परत बसवले. वेळ बरोबर साधावी लागली. पावसाळ्यात हे काम करता येत नाही: अ‍ॅसिटोन उडताना जागा गार पडते, हवेतली वाफ तिथे जमते आणि जोड पांढरा फटक होतो. जोडणीची कामे जूनच्या आत उरकावीत.

१ जून: डबे

लाकडी कपाट आणि एमडीएफचे खण बाद. त्यातून आम्लाची वाफ सुटत राहते, कॅल्साईट आणि शिशाच्या खनिजांना ती बाधते. पॉलिप्रॉपिलीनचे रबरी कडा असलेले १० लिटरचे डबे घेतले, खाली पांढरा ईपीई फोम कोरून बसवला. पिवळा गादीचा फोम काही वर्षांत भुगा होऊन नमुन्याला चिकटतो, तो नको. डबा सील करायला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये.

दर डब्यात नारिंगी सिलिका जेल २०० ग्रॅम आणि एक आर्द्रतामापक. क्र. २ च्या मॅट्रिक्समध्ये पायराइट (लोखंड आणि गंधकाचे खनिज) आहे, आणि दमट हवेत तो कुजून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आधी लेबल खाते, मग शेजारचे सगळे. साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता जाऊ द्यायची नाही. डबे, फोम, जेल, मापक मिळून रु. २,७००.

१६ जुलै: तपासणी

बाहेर ८८ टक्के. चार डब्यांत ३८ ते ४४. क्र. ५ च्या डब्यात ५९, जेल हिरवट झालेले. कडेचा रबर एका कोपऱ्यात दुमडला होता. रबर बदलला, जेल ११० अंशांवर तीन तास भाजून परत भरले. भाजायला अन्नाचा ओव्हन वापरला नाही, रंगीत जेलमधली रसायने त्यात नकोत.

३ ऑगस्ट: उजेडाची चाचणी

फेब्रुवारीत चुऱ्यातल्या एका रुंद काडीचा अर्धा भाग फॉईलने झाकून खिडकीत ठेवला होता. आज फॉईल काढली. झाकलेला भाग पोलादासारखा लखलखीत, उघडा भाग काळपट आणि मंद, मधली सीमा रेघेसारखी सरळ. ब्रशने किंवा अल्कोहोलने काळपटपणा गेला नाही. पृष्ठभागच बदललेला आहे.

त्यामुळे पारदर्शक डब्यांना बाहेरून काळे कापडी आवरण शिवले. प्रदर्शनात ठेवायचा तर एकच नमुना, एलईडीखाली, दिवा फक्त माणूस समोर असताना. रिअलगर असलेला नमुना प्रदर्शनात नकोच, तो उजेडात पिवळी पूड होऊन गळतो.

बाकी कामे: क्र. ४ चे सरसाचे जोड पावसाळा संपल्यावर आर्द्रता उतरली की तपासायचे, तोवर हलवायचा नाही. क्र. ३ च्या झुबक्यांचे फोटो वर्षातून एकदा त्याच कोनातून काढायचे, वाढ किंवा झड दिसते का ते बघण्यासाठी.